नऊ शहरं की तेरा रात्री?

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, यजमानांचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे, मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. येत्या मे महिन्यात लग्नाला २५ वर्षं होतायत, त्या निमित्तानं तिघांनी युरोपला जायचं ठरवलंय. भिशी आणि आवर्ती ठेव मिळून साडेसहा लाख जमलेत आणि त्यावर एक रुपयाही काढायचा नाही, असं घरात ठरलंय. चौदा दिवसांची यादी अशी: लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, झुरिक, इंटरलाकेन, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना, प्राग. यजमान म्हणतात पॅकेज घेऊन मोकळं व्हा, मुलगी म्हणते आपलं आपण करू. बाईंचा गुडघा दुखतो, यजमानांना शुगर आहे, घर शाकाहारी आहे. त्या लिहितात, "एवढं लांब जायचं अन् उगं दोन-तीन गावं बघून यायचं का? परत कधी जाणं होणार? शहरं कमी न करता हे पैशात कसं बसवायचं, तेवढं सांगा."

ताई,

तुमची यादी आणि तुमचे पैसे यांचं भांडण आहे असं तुम्हाला वाटतंय. खरं भांडण यादीचं आणि दिवसांचं आहे. पैसे त्या भांडणातच जास्तीचे जातात, म्हणून आधी तेच बघू.

एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं म्हणजे काय काय होतं ते मोजा. रात्री बॅगा भरायच्या, सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, बॅगा ओढत मेट्रोनं स्टेशन गाठायचं, गाडीच्या अर्धा तास आधी पोचायचं, तीन-चार तासांचा प्रवास करायचा, नव्या शहरात तिकीट कुठं मिळतं ते शोधायचं, आणि हॉटेलवर पोचल्यावर कळतं की खोली तीनला मिळणार. जवळचं शहर असलं तरी यात पाच तास जातात. नऊ शहरं म्हणजे अशा आठ हलवाहलवी, म्हणजे ४० तास. चौदा दिवसांत रोज जागेपणी हिंडायला बारा तास धरले तर १६८ तास होतात. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा बॅगा ओढण्यात जाईल, तोही दुखऱ्या गुडघ्यानं, दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून. आणि प्रत्येक हलवाहलवीला तिघांचं रेल्वे तिकीट, स्टेशनवरचं महागडं खाणं, नव्या गावातलं पहिल्या दिवशीचं चुकीचं तिकीट हे सगळं आलंच.

"परत कधी जाणं होणार" ही तुमची धास्ती मला कळते. पण याच धास्तीपोटी माणूस तीन तासांत व्हेनिस उरकतो आणि घरी आल्यावर फोटो बघून विचारतो, हे कुठलं? मुलगी वीस वर्षांची आहे, ती पुढं शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेली तर तुमचं जाणं पुन्हा होईलही. एकदाच जायचं असं गृहीत धरू नका, म्हणजे यादीतली नावं खोडताना हात जड होणार नाही. शहरं किती ते न मोजता, कुठं किती रात्री राहणार ते मोजा.

पहिलं नाव लंडनचं खोडा. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर हिंडता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, कागद पुन्हा वेगळे. तीन रात्रींसाठी तिघांचा दुसरा व्हिसा काढणं तुमच्या पैशात बसत नाही. दुसरं स्वित्झर्लंड. देश सुंदर आहे यात वाद नाही, पण तुमच्या यादीत सगळ्यात महाग तोच आहे, आणि डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेचं एका माणसाचं तिकीटच इतर शहरातल्या तिघांच्या दिवसभराच्या खर्चाला भारी पडतं.

राहिलेल्यातून पॅरिस-ॲमस्टरडॅम सोडून आणि वाटेतलं फ्लोरेन्स घालून माझी शिफारस अशी: रोम ४ रात्री, फ्लोरेन्स ३, मग दिवसभर व्हेनिस करून एक रात्र गाडीत, व्हिएन्ना २, प्राग ३. झाल्या तेरा. विमान मुंबई–रोम आणि परतीला प्राग–मुंबई घ्या. तिकीट शोधताना "राउंड ट्रिप" न निवडता "मल्टी-सिटी" निवडा. पुष्कळ जण रोमचंच जाऊन-येऊन तिकीट काढतात कारण ते दोन हजारांनी स्वस्त दिसतं, आणि मग शेवटी प्रागहून रोमला परत यायला एक दिवस आणि तिघांचं भाडं घालवतात. आखाती देशांतून एक थांबा असलेलं तिकीट बरं पडतं. लंडनमार्गे स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, भारतीय पासपोर्टला तिथं नुसतं विमान बदलायलाही बहुधा ट्रान्झिट व्हिसा लागतो.

मुलीला आयफेल टॉवर हवाच असेल तर दुसरा मार्ग आहे: पॅरिस ५, इंटरलाकेन २, फ्लोरेन्स २, रोम ४. याला ७०-८० हजार जास्त धरा, म्हणजे साडेसहाच्या बाहेर जाल. तिला हे दोन्ही मार्ग कागदावर मांडून द्या आणि निवडू द्या. इंजिनिअरिंगची मुलगी आहे, आकडे समोर असले की तिचा निर्णय तुमच्यापेक्षा कडक येईल.

आता हिशेब. आकडेमोड सोपी जावी म्हणून १ युरो म्हणजे ११० रुपये धरलाय. निघताना दर बघून दुरुस्त करा. हे अंदाज आहेत, पण हात राखून केलेले.

विमान तिघांचं १,९५,०००, म्हणजे माणशी ६५,०००. व्हिसा ३६,०००: फी मोठ्या माणसाला ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा ६,०००. तिघांच्या एका खोलीला सरासरी १०० युरो धरून १२ रात्रींचे १,३२,०००. शहरांमधल्या रेल्वेला ५०,०००, त्यात रात्रीची बर्थ आली. शहरातल्या बस-मेट्रोला २८,०००. जेवणखाण माणशी दिवसाला २० युरो, १४ दिवसांचे ९२,०००. संग्रहालयं आणि वास्तूंची तिकिटं २६,०००. हॉटेलवर भरायचा शहर कर १२,०००. परभणी–मुंबई–परभणी, फोनचा डेटा, किरकोळ १५,०००. बेरीज ५,९२,०००. उरलेल्या ५८,००० ला हात लावायचा नाही. चुकलेली गाडी, डॉक्टर, हरवलेली बॅग यांच्यासाठी ते आहेत.

शहर कर मुद्दाम वेगळा लिहिलाय. ऑनलाइन बुकिंग करताना दिसणाऱ्या भाड्यात तो पुष्कळदा नसतो. रोम, फ्लोरेन्समध्ये माणशी, रात्रीगणिक लागतो आणि हॉटेलवर पोचल्यावर मागतात. तेव्हा "आम्हाला फसवलं" असं वाटतं, पण तो नियमच आहे.

स्वस्त हॉटेलाबद्दलचा एक समज तपासून घ्या. गावाबाहेर २० युरोनं स्वस्त खोली दिसते. रोममध्ये १०० मिनिटं चालणारं बस-मेट्रोचं तिकीट १.५० युरोचं आहे. तिघांचं जाणं-येणं ९ युरो, म्हणजे वाचले ११. त्यासाठी रोजचा दीड तास गेला, आणि दुपारी तासभर पडून गुडघ्याला आराम देण्याची सोयही गेली. स्टेशन किंवा मेट्रोपासून दहा मिनिटं चालत, लिफ्ट असलेली, जमल्यास छोटा ओटा आणि गॅस असलेली खोली बघा. लिफ्ट आहे का हे वेगळं विचारा, जुन्या इमारतींत चौथ्या मजल्यावर जिन्यानं बॅगा नेणं सर्रास चालतं.

व्हिसाचं आता सविस्तर लिहिते, कारण लोक इथंच अडकतात.

शेंगेनमध्ये २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे हिंडता येतं. पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे आपण ठरवत नाही. जिथं सर्वात जास्त रात्री, त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथं आधी उतरणार तिथं. तुमच्या मार्गात रोम ४ आणि फ्लोरेन्स ३, म्हणजे इटली ७. अर्ज इटलीकडेच करायचा. "अमक्या देशाची तारीख लवकर मिळते" म्हणून दुसरीकडे अर्ज करायचा आणि नावाला तिथली हॉटेलं दाखवायची, असा सल्ला एजंट देतात. तो ऐकू नका. कागदात विसंगती दिसली की नकार येतो, फी परत मिळत नाही, आणि त्या नकाराची नोंद राहते.

अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे महिन्यात सगळा महाराष्ट्र निघतो, म्हणून मार्च-एप्रिलच्या तारखा भराभर संपतात. तुम्ही फेब्रुवारीत कागद जमा करा. बोटांचे ठसे द्यायला तिघांनाही जावं लागेल. मराठवाड्यात केंद्र नाही, त्यामुळे मुंबई-पुण्याची एक खेप धरा. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असेल तर ते आत्ताच सारखं करा. आणखी एक आपल्या भागापुरतं: तुमच्यापैकी कुणाच्या पासपोर्टवर जन्मगाव औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल आणि इतर कागदांवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव, तर अर्जात पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर, लिहा.

तुमच्या बाजूनं लागणारा सर्वात संथ कागद म्हणजे जिल्हा परिषदेची परदेश प्रवासाची परवानगी. मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद अशी फाईल फिरते आणि कुठंही पंधरा दिवस पडून राहू शकते. उन्हाळी सुटीत जातोय म्हणून परवानगी लागत नाही, असं समजू नका. तिची प्रत व्हिसाच्या फाईलला लावा, "ही बाई परत येणार" याचा तो सर्वात भक्कम पुरावा आहे. यजमानांची जीएसटी नोंदणी, दुकानाचा परवाना, तीन वर्षांची आयकर विवरणं. मुलीचं कॉलेजचं बोनाफाईड आणि खर्च आई-वडील करणार असं पत्र. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट.

या स्टेटमेंटचं एक सांगते. भिशीचे पैसे तुम्ही जानेवारीत एकदम खात्यात भरलेत तर ती रक्कम बघणाऱ्याच्या डोळ्यात भरते. पाहुण्यांकडून उसने आणून खातं फुगवणारे हेच करतात, त्यामुळे खऱ्या पैशावरही शंका येते. भिशी आणि आवर्ती ठेव लवकर मोकळी करून खात्यात ठेवा, आणि ठेवीची पावती, भिशीचा हिशेब सोबत जोडून अर्जाच्या पत्रात एका ओळीत लिहा की पैसा कुठून आला. दिवसवार कार्यक्रमही साधा आणि खरा लिहा. चौदा दिवसांत सहा देश असा कार्यक्रम तपासणाऱ्यालाही पटत नाही.

हॉटेलं "फ्री कॅन्सलेशन"वाली बुक करा, व्हिसा नाही आला तर पैसे अडकत नाहीत. विमानाचं अर्जापुरतं आरक्षण चालतं. परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. यजमानांच्या शुगरबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचून घ्या, आधीपासूनचा आजार बहुतेक स्वस्त पॉलिसी धरत नाहीत. व्हिसा हातात आला की तिथंच उभं राहून तीन गोष्टी वाचा: नाव, तारखा, आणि किती दिवस राहायची परवानगी.

तारखांचं गणित तुमच्या घरापुरतं वेगळं आहे. युरोपात जून-ऑगस्ट महाग आणि गर्दीचा. मे महिन्यात हवा चांगली, उजेड रात्री आठ-साडेआठपर्यंत. तिकडे खरिपाचं बियाणं-खत यायला लागलं की यजमानांना दुकान सोडता येणार नाही. म्हणून सुटी लागताच निघायचं आणि २० मेच्या आत घरी. दिवाळीच्या सुटीचा पर्याय आहे, भाडी उतरलेली असतात, पण प्राग-व्हिएन्नात तेव्हा थंडी असते, साडेचार-पाचला अंधार पडतो आणि दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याची घाई असते. मेच बरा.

रेल्वेकडे वळू. युरेल पास (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा रेल्वे पास) घ्यायचा का, असं मुलीनं विचारलंय. तुमच्या चार प्रवासांसाठी नको. इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊनच करावं लागतं. त्यापेक्षा सुटी तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली तर निम्म्या-पाव भावात मिळतात. विमानासारखंच आहे, आधी स्वस्त, आदल्या दिवशी महाग. रोम–फ्लोरेन्स दीड तास, फ्लोरेन्स–व्हेनिस सव्वादोन तास, व्हिएन्ना–प्राग चार तास. इटलीत सरकारी ट्रेनइटालिया आणि खासगी इटालो अशा दोन्हींचे भाव बघा. सर्वात स्वस्त तिकिटावर ठरलेली गाडी सोडून दुसरी पकडता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

फ्लोरेन्सहून पिसाला (झुकता मनोरा तिथंच) जाणारी साधी प्रादेशिक गाडी मात्र आधी काढायची गरज नाही, तिचा भाव ठरलेला असतो. इथं लोक दुसरीकडे फसतात. कागदी तिकीट काढलं की फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारायचा असतो. फोनवर काढलं असेल तर गाडीत बसण्याआधी "चेक-इन" दाबायचं. तिकीट खिशात असूनही शिक्का नाही म्हणून दंड होतो आणि तपासनीस ऐकत नाही. इटलीत संपही होतात. स्टेशनवर "शोपेरो" असा शब्द कानावर आला किंवा फलकावर दिसला तर समजा. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात प्रादेशिक गाड्या चालवणं बंधनकारक असतं, त्यात प्रवास बसवा.

व्हेनिसचा दिवस असा: फ्लोरेन्सहून सकाळी लवकर निघा, सान्ता लुचिया स्टेशनवरच बॅगा ठेवायची पैसे देऊन सोय आहे, तिथं ठेवा आणि पायी हिंडा. रात्रीची नाइटजेट पकडली की सकाळी व्हिएन्ना. सहा बर्थच्या डब्यात झोपायचं असतं, आपल्या स्लीपरसारखंच, अंथरूण देतात. जागा मर्यादित असतात, म्हणून ही तिकिटं सगळ्यांत आधी काढा. ती मिळाली नाहीत तर दिवसाची थेट गाडी आहे, साडेसात तासांची. आणि दिवस निवडताना मंगळवार-बुधवार निवडा. २०२४ पासून एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, मुख्यतः शुक्रवार ते रविवार, एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून व्हेनिस प्रवेशशुल्क घेतं: आधी भरलं तर ५ युरो, ऐनवेळी १०.

रोमला उतरल्यावर विमानतळावर मोठ्या अक्षरांत लिओनार्दो एक्सप्रेसची पाटी दिसेल, माणशी १४ युरो. तिथूनच सुटणारी एफएल-१ ही साधी गाडी ८ युरोची, ती त्रास्तेव्हेरे आणि तिबुर्तिनाला जाते. तुमचं हॉटेल त्या बाजूला असेल तर तिघांचे १८ युरो पहिल्याच तासात वाचले. पण उतरल्या-उतरल्या कुठलीही पुढची गाडी बुक करू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं नवी नोंदणी पद्धत सुरू केलीय, व्हिसा असला तरी सीमेवर फोटो घेतात आणि व्हिसाच्या वेळी दिलेले ठसे तपासतात, पहिल्यांदा जाणाऱ्याला रांगेत वेळ जातो.

कोलोसियमची (रोमचं प्राचीन रिंगण) तिकिटं सरकारी संकेतस्थळावर महिनाभर आधी खुली होतात, साधारण १८ युरो, नावानिशी. ती संपली की दलाल तीच तिप्पट भावात विकतात. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, तेव्हा फुकट आणि तुफान गर्दी), फ्लोरेन्सचं उफीझी कलासंग्रहालय सोमवारी बंद. म्हणून सोमवारी फ्लोरेन्समध्ये असाल तर पिसा त्या दिवशी उरका. फुकटचंही पुष्कळ आहे: सेंट पीटर्स बॅसिलिका, फ्लोरेन्सचं कॅथेड्रल (घुमटावर चढायला पैसे आणि ४६३ पायऱ्या, तुम्ही खालूनच बघा), व्हिएन्नात शोनब्रुन महालाची बाग, प्रागच्या किल्ल्याचं आवार. दिवसाला एकच तिकिटाचं ठिकाण ठेवा.

खाणं. पाण्याची बाटली घरूनच न्या. रोममध्ये रस्तोरस्ती "नझोनी" नावाचे लोखंडी नळ आहेत, पाणी गार आणि पिण्याचं. दुकानात त्याच पाण्याला दीड-दोन युरो पडतात. दुपारी वजनावर मिळणारा चौकोनी पिझ्झा घ्या. मारिनारा मागितला तर त्यावर फक्त टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनो असतं. परमेसान चीज बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, कडक पाळत असाल तर पास्त्यावर ते नको म्हणून सांगा. नुसतं "व्हेज" म्हणू नका, "नो मीट, नो फिश, नो चिकन" असं तिन्ही सांगा. संध्याकाळी सुपरमार्केटमधून ब्रेड, दही, टोमॅटो, फळं आणली तर तिघांचं १५ युरोत होतं.

घरून धपाटे पहिल्या दोन दिवसांपुरते, पुढं शेंगदाण्याची चटणी, काळं तिखट, मेतकूट, भाजके पोहे. पेढे, खवा, तूप, पनीर नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. आणि मे महिना आहे म्हणून कुणासाठी केशर आंब्याची पेटी घेऊन निघाल, तर तीही विमानतळावरच राहील, ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, खजूर, नारळ चालतात.

पैसे नेताना ३००-४०० युरो रोख, बाकी कार्डावर, आणि दोन वेगळी कार्डं दोघांच्या खिशात. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून निघा. यंत्रावर "रुपयांत घ्यायचं की युरोत?" असा प्रश्न येतो. आपला रुपया ओळखीचा म्हणून हात तिकडे जातो, आणि तिथंच पाच-सात टक्के जातात. नेहमी तिथलं चलन निवडा. प्रागमध्ये युरो नाही, कोरुना चालतो. जुन्या चौकातल्या पैसे बदलून देणाऱ्या खिडक्या टाळा. चुकून वाईट भावात बदलले तर पावती दाखवून तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, तसा तिथला कायदा आहे, १,००० युरोपर्यंतच्या रकमेला.

माणशी एकच बॅग, आठ किलोच्या आसपास. चार जोड कपडे, एकदा पैसे टाकून चालणाऱ्या धुलाई यंत्रात धुतले की झालं. बूट नवे घेणार असाल तर मार्चमध्येच घ्या आणि रोज तासभर चालून मुरवा. यजमानांची औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. रोमची ६४ नंबरची बस आणि तेर्मिनी स्टेशन पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहेत, तिथं पासपोर्ट पोटाशी.

यजमानांचं म्हणणंही मी हलकं धरत नाही. इंग्रजी बोलायचा ताण येत असेल, कुणी आजारी पडलं तर सोबत कुणी असावं असं वाटत असेल, तर पॅकेज चांगलं. फक्त पैसे भरण्याआधी पॅकेजवाल्या कंपनीला विचारा: प्रत्येक गावात रात्री किती? हॉटेल शहराच्या मध्यापासून किती किलोमीटर? व्हिसा, दुपारचं जेवण, टिप, शहर कर धरलेत का? "फोटो स्टॉप" किती आणि आत प्रवेश किती? परदेशी पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण प्रवासाच्या वेळी तेवढी रक्कम हातात लागते. स्वतः फॉरेक्स कार्डात भरलेल्या पैशांवर वर्षाला माणशी १० लाखांपर्यंत तो लागत नाही. भाषेचं म्हणाल तर या चारही शहरांत हॉटेल आणि स्टेशनवर मोडक्या इंग्रजीत काम भागतं, त्यांचंही तसंच असतं. रोमचे चार दिवस सवय व्हायला पुरतात.

मुंबईला देवगिरी किंवा वंदे भारतनं जा, पण विमानाच्या आदल्या दिवशी पोचा. गाडी चार तास उशिरा आली तर विमान थांबणार नाही. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, मे महिन्याच्या गर्दीत त्याच सकाळी काढा.

या आठवड्यात तीनच कामं करा. तिघांचे पासपोर्ट कपाटातून काढून संपायची तारीख बघा. मुख्याध्यापकांकडे परवानगीचा अर्ज द्या आणि त्याच्या पोचवर तारखेचा शिक्का घ्या. आणि मुलीला दोन्ही मार्गांचा कागद द्या, शनिवारपर्यंत.